आठ लाखांच्या फ्लेक्समागचे गणित: मराठवाड्यातील प्लेसमेंट अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य आणि प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी,
मराठवाड्यातील सर्व अभियांत्रिकी महाविद्यालये

विषय: स्टार्टअपची ऑफर मिळालेल्या विद्यार्थ्याला पुढच्या कंपन्यांच्या मुलाखतींना बसू न देण्याचा नियम बदलण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

प्लेसमेंटचा हंगाम आला की कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो. विद्यार्थ्याचा फोटो, खाली कंपनीचे नाव आणि त्याखाली सर्वांत मोठ्या अक्षरांत पॅकेज. अलीकडे सगळ्यात मोठा आकडा बहुधा एखाद्या स्टार्टअपचाच असतो. त्या आकड्याचा अभिमान आम्हा माजी विद्यार्थ्यांनाही आहे. पण आकडा फ्लेक्सवर चढला की त्या मुलाचे नाव प्लेसमेंटच्या यादीतून उतरते, आणि आमचे म्हणणे त्याबद्दल आहे.

'एक विद्यार्थी, एक नोकरी' हा नियम मोठ्या कंपन्यांच्या भरतीसाठी ठीक आहे. एकाच मुलाने तीन जागा अडवायच्या आणि बाकीच्यांनी बघत बसायचे, हे कोणालाच नको. मात्र सप्टेंबरात ऑफर देणारी मोठी कंपनी पुढच्या जुलैत जागेवर असते, हे त्या नियमात गृहीत धरलेले आहे. स्टार्टअपच्या बाबतीत ते धरता येत नाही, आणि त्याचे कारण साध्या वजाबाकीत आहे.

समजा, सप्टेंबरात कंपनीच्या खात्यावर १ कोटी ४० लाख रुपये आहेत. पगार, क्लाउडचे (भाड्याच्या सर्व्हरचे) बिल, जागेचे भाडे असा दरमहा खर्च १५ लाख. ग्राहकांकडून दरमहा येतात ५ लाख. म्हणजे दर महिन्याला १० लाख कमी होतात आणि पैसा १४ महिने पुरतो. याला या धंद्यात 'रनवे' म्हणतात. १४ महिने ऐकायला बरे वाटतात. आपला विद्यार्थी जुलैत रुजू व्हायला जातो तेव्हा त्यातले चारच उरलेले असतात. नव्या गुंतवणूकदाराची ओळख, आकड्यांची मागणी, कागदपत्रांची छाननी, करार आणि प्रत्यक्ष पैसे खात्यावर यायला सहा महिने सहज जातात. तेव्हा चार महिन्यांचा रनवे म्हणजे विहिरीचा तळ दिसायला लागलेला असतो.

अशा वेळी खर्चाला पहिली कात्री कुठे लागते? अजून रुजूच न झालेल्या मुलांवर. त्यांना नोटीस द्यावी लागत नाही, हिशेब चुकता करावा लागत नाही, ऑफिसात कोणी रडतही नाही. फक्त एक ईमेल येतो: 'आपली रुजू होण्याची तारीख पुढे ढकलण्यात येत आहे.' कंपनी लबाडच असते असे नाही. बऱ्याचदा सप्टेंबरात तिचा इरादा खरा असतो. पण तोवर कॉलेजची भरती उरकलेली असते आणि त्या मुलाला एकाही मोठ्या कंपनीची परीक्षा देता आलेली नसते. गावाकडे पेढे मात्र वाटून झालेले असतात.

म्हणून आमची मागणी अशी. स्थापन होऊन पाच वर्षे न झालेल्या किंवा शंभरपेक्षा कमी माणसे असलेल्या कंपनीची ऑफर ही विद्यार्थी प्रत्यक्ष रुजू होऊन पहिला पगार खात्यावर येईपर्यंत कच्ची धरावी आणि तोवर त्याला निदान आणखी एका कंपनीसाठी बसू द्यावे. रुजू होण्याची तारीख तीस दिवसांहून जास्त पुढे गेली, तर त्याचे नाव आपोआप यादीत परत यावे. त्यासाठी त्याला अर्ज घेऊन केबिनबाहेर उभे राहावे लागू नये. पाच वर्षे आणि शंभर माणसे हे आकडे आमचे आहेत, आपण वेगळे ठरवा. पण काहीतरी ठरवा.

आता फ्लेक्सवरच्या आकड्याकडे वळू. '८ लाख' पॅकेजची एक नेहमीची फोड पाहा. स्थिर भाग ४ लाख ८० हजार. कामगिरीवर मिळणारा भाग ७० हजार. रुजू होतानाचा बोनस ५० हजार, तोही वर्षाच्या आत सोडल्यास परत करायचा. आणि २ लाखांचे ईसॉप, म्हणजे पुढे कधीतरी शेअर घेण्याचा हक्क. आता स्थिर भागातही कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी बसवलेली असते. मूळ पगार महिना २० हजार असेल आणि पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापला जात असेल, तर कंपनीचा वाटा वर्षाला २१,६०० रुपये. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे ११,५४४ रुपये; ती कायम नोकरीत साधारण पाच वर्षे काढल्याशिवाय हाती येत नाही. हे वजा जाता महिन्याला ३७,२३८ रुपये उरतात. त्यातून विद्यार्थ्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला, की हातात ३५,२३८.

आठ लाख भागिले बारा म्हणजे ६६ हजार, असा हिशेब घरी झालेला असतो. वडील त्यावर बँकेत जाऊन येतात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. ४ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ६,६४० रुपये. पुण्यात वाटून घेतलेली खोली, मेस आणि प्रवास मिळून १५-१६ हजार धरा. ३५ हजारांत हे बसते. पगार दोन महिने लांबला की बसत नाही, आणि सोयाबीनचा पैसा काही दर महिन्याला येत नाही. फ्लेक्स लावाच, पण त्यावर फक्त स्थिर पगार लिहा, आणि जमल्यास सर्वोच्च आकड्याशेजारी मध्यक पगारही, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी आपण मध्यक पगार भरून पाठवताच. तोच गेटवर लावायला हरकत नसावी.

ईसॉपविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ऑफरमध्ये '२,००० ऑप्शन, किंमत २ लाख' असे लिहिलेले असते. म्हणजे शेवटच्या गुंतवणुकीच्या वेळी एका शेअरचा भाव १०० रुपये धरला गेला होता. हे ऑप्शन एकदम मिळत नाहीत. सर्वसाधारण रीत चार वर्षांची: पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर २५ टक्के, उरलेले पुढच्या तीन वर्षांत दरमहा किंवा तिमाहीला थोडे थोडे. मंजुरीपासून किमान एक वर्ष थांबायला लावणे हे कंपनी कायद्याच्या २०१४ च्या नियमांतच आहे. त्यामुळे अकराव्या महिन्यात नोकरी सोडली किंवा गेली तर हातात शून्य. दरमहा मिळण्याची अट असेल आणि दीड वर्षाने सोडली, तर ३७.५ टक्के, म्हणजे ७५० ऑप्शन.

हे ७५० शेअर घ्यायचे तर ठरलेली किंमत भरावी लागते. ती १० रुपये असेल तर ७,५०० रुपये. शिवाय त्या दिवशी शेअरचे मूल्य १०० धरले गेले, तर मधल्या ६७,५०० रुपयांच्या फरकावर पगारासारखाच प्राप्तिकर लागतो. शेअर विकून हा कर भरता येत नाही, कारण शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचा शेअर घ्यायला बाजारात कोणी नसते. सरकारने २०२० पासून काही स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. पण ती फक्त स्टार्टअपच्या करसवलतीचे (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम ८०-आयएसी) प्रमाणपत्र असलेल्या कंपन्यांसाठी आहे, आणि नोकरी सोडली की तो कर लगेच देय होतो. नेमकी ज्या क्षणी गरज असते त्याच क्षणी सवलत संपते. त्यातच सोडल्यानंतर ऑप्शन वापरायला पुष्कळ ठिकाणी ३० ते ९० दिवसच मिळतात.

नुसता '२,०००' हा आकडाही काही सांगत नाही. कंपनीचे एकूण शेअर १० लाख असतील तर हा ०.२ टक्के हिस्सा, १ कोटी असतील तर ०.०२ टक्के. विद्यार्थ्याने एचआरला विचारायचा प्रश्न एवढाच: सगळे ऑप्शन धरून एकूण शेअर किती? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर ईसॉपची किंमत शून्य धरून ऑफर तोलावी. आणि कंपनी विकली गेली म्हणजे सगळे मालामाल होतात, हाही गैरसमज आहे. गुंतवणूकदारांचे पैसे आधी परत, अशी अट करारात बहुतेकदा असते. त्यांनी २० कोटी घातले आणि कंपनी १८ कोटींना विकली गेली, तर कर्मचाऱ्यांच्या साध्या शेअरना काही उरत नाही. विकल्याची बातमी मात्र 'यशस्वी विक्री' म्हणून छापून येते.

आता आपल्या कार्यालयाच्या अर्ध्या तासाच्या कामाबद्दल. कॅम्पसवर बोलावण्याआधी कंपनी तपासायला कोणाची ओळख लागत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकले की स्थापनेची तारीख, संचालक, भरणा झालेले भांडवल आणि शेवटी दाखल झालेला ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे ते दिसते. मार्च अखेरचा ताळेबंद सर्वसाधारण सभेत सप्टेंबरअखेर मांडून पुढच्या तीस दिवसांत दाखल व्हायला हवा. दोन वर्षांचे ताळेबंद गायब असतील तर मुलाखतीची तारीख देऊ नका.

ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) संकेतस्थळावरचा एस्टॅब्लिशमेंट शोध तर फारच बोलका आहे. कोणत्या महिन्याचा पीएफ किती तारखेला भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला, हे तिथे महिनावार दिसते. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तारखा १५ वरून २८ वर आणि मग दोन महिने मागे सरकत असतील, किंवा कर्मचारी ८४ वरून ६१ आणि मग ४० वर आले असतील, तर कंपनीच्या सादरीकरणातल्या वर चढणाऱ्या रेषेपेक्षा या रकान्यावर विश्वास ठेवा. (वीसपेक्षा कमी माणसे असतील तर नोंदणी नसूही शकते, तो दोष नाही.) जीएसटीच्या संकेतस्थळावरही क्रमांक टाकून विवरणपत्रे वेळेवर भरली जातात का ते कळते.

रुजू झालेल्या विद्यार्थ्यांनाही हेच शिकवा, कारण पगार थांबण्याआधी बाकीचे थांबते. आधी विक्रेत्यांची बिले अडतात, मग प्रवासखर्चाचे पैसे, मग कामगिरीचा बोनस 'पुढच्या तिमाहीत' जातो. मग पीएफ कापला जातो पण पासबुकात येत नाही. कापलेला टीडीएस प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरच्या आपल्या करनोंदीत दिसत नाही. पगार थांबतो तो शेवटी. म्हणून यूएएनचे (आपल्या पीएफ क्रमांकाचे) पासबुक दर महिन्याला पाहणे ही पहिल्या नोकरीतली पहिली सवय हवी. पगारपत्रके स्वतःच्या ईमेलवर ठेवावीत. कामावरून काढले जाते त्या दिवशी लॅपटॉपचे लॉगिन आधी बंद होते आणि मग मीटिंगचे बोलावणे येते. कंपनीच्या आरोग्य विम्यात आईवडिलांची नावे घातली असतील, तर ते छत्रही त्याच दिवशी जाते.

एवढे वाचून आपण स्टार्टअपना गेटवरच अडवाल, तर ते मात्र चुकीचे होईल. ही नोकरी मुलांनी घ्यावी असेच आमचे मत आहे, पण डोळे उघडे ठेवून. दहा-बारा जणांच्या कंपनीत नवख्या अभियंत्यापुढे एका वर्षात जे येते, ते मोठ्या कंपनीत बेंचवर, म्हणजे प्रकल्पाची वाट पाहत, बसून येत नाही. काही नमुने देतो. हे आपल्या प्रयोगशाळेतही करून घेता येतील.

ओटीपीचेच घ्या. भारतात असा एसएमएस पाठवायचा तर त्याचा मजकूर आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीत मंजूर करून घ्यावा लागतो. कोणीतरी 'आपला ओटीपी' बदलून 'तुमचा ओटीपी' केले की मजकूर मंजूर नमुन्याशी जुळत नाही, एसएमएस वाटेतच गळतो आणि कोणालाही लॉगिन करता येत नाही. कोडमध्ये चूक दिसत नाही, सगळे टेस्ट हिरवे. हे कोणत्याही विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही.

पैशांच्या व्यवहारात तर अशा खाचखळग्यांना तोटा नाही. पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट गेटवे आपल्या सर्व्हरला पाठवतो. सर्व्हरने वेळेत उत्तर दिले नाही तर तोच निरोप पुन्हा येतो. त्या व्यवहाराचा क्रमांक आधी नोंदला गेला आहे का, हे न पाहता ऑर्डर तयार केली तर एकदाच भरलेल्या पैशांत दोन ऑर्डरी निघतात. उपाय सोपा आहे: क्रमांकाच्या रकान्यावर युनिक बंधन घालायचे, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये शोध वेगवान करण्यासाठी मोठ्या टेबलावर साधा 'क्रिएट इंडेक्स' चालवला, की इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात काही लिहिता येत नाही. भर दुपारी हे केले की ग्राहकांचे फोन सुरू. 'कन्करंटली' हा एक शब्द जोडला तर वेळ जास्त लागतो, पण काम चालू राहते. क्लाउडची गुप्त की गिटहबवरच्या सार्वजनिक रेपोत गेली, तर फाइल काढून टाकून उपयोग नाही. ती जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधीच्या बदलांच्या नोंदीत, राहते. की रद्द करून नवी काढावी लागते. अंतिम वर्षाच्या किती प्रकल्पांत पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला असतो, हे आपण एकदा तपासून पाहाच.

हा चढ आहे. उतारही याच कामात आहे. हे सगळे रात्री अडीचलाही बिघडते आणि कोणाला तरी उठावे लागते. पाच जणांची पाळी असेल तर पाच आठवड्यांतून एकदा फोन उशाशी. दोघेच असतील तर एकाआड एक आठवडा. एकटाच असेल तर त्याला पाळी म्हणत नाहीत. म्हणून मुलाखतीच्या शेवटी 'काही प्रश्न?' असे विचारल्यावर आपल्या मुलांनी मान हलवून 'नो सर' म्हणू नये. रात्रीच्या पाळीत किती जण आहेत, नवी आवृत्ती बिघडली तर मागे कशी घेता आणि बॅकअपवरून डेटा शेवटचा कधी परत उभा करून पाहिला, हे तीन प्रश्न विचारावेत. बॅकअप रोज होतो असे सगळेच सांगतात. तो उघडून कोणी पाहिलेला नसतो.

दुसरा उतार म्हणजे कंपनीचे उत्पादनच बदलणे. सहा महिने खपून केलेले काम ग्राहक घेत नाहीत आणि एका सोमवारी सगळे नव्याने सुरू होते. दुबार पेरणी मराठवाड्यातल्या घराला समजावून सांगावी लागत नाही. बियाणे वाया जाते, हंगामाचे दिवस कमी उरतात. फरक एवढाच, की इथे शिकलेले वाया जात नाही.

छत्रपती संभाजीनगरातल्या स्टार्टअपबद्दल थोडक्यात. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांसाठी मशिनवर सेन्सर बसवून उत्पादन मोजणाऱ्या कंपन्यांत इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलच्या मुलांना चांगले काम आहे. घर जवळ असल्याने कमी पगारही पुरतो. अडचणी वेगळ्या. सेन्सरचे आकडे वाहून नेणारी आरएस-४८५ ची वायर मोटर ड्राइव्हच्या पॉवर केबलला खेटून टाकली की आकडे उड्या मारतात. दोन्ही केबलींचे मार्ग वेगळे ठेवा, वायरीवरचे धातूचे आवरण (शील्ड) एकाच टोकाला जमिनीशी जोडा (अर्थिंग), असे ऑफिसातल्या संगणकावर कळत नाही, शॉप फ्लोअरवर उभे राहूनच कळते. आणि पैसा उशिरा येतो. तीन महिने फुकट चाचणी, मग खरेदी आदेशाची वाट, मग बिलाला ६० ते ९० दिवस. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. पण एकुलत्या एका मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करणार कोण? अशा कंपनीत रुजू होणाऱ्याने ग्राहक किती, यापेक्षा पैसे देणारे ग्राहक किती, हे विचारावे.

बाँडचा, म्हणजे ठरावीक मुदतीआधी नोकरी न सोडण्याच्या कराराचा, एक मुद्दा राहिला. बाँडला काही अर्थ नसतो, असे वरच्या वर्गातली मुले खालच्यांना सांगत असतात. ते अर्धेच खरे आहे. नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू नये ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ठरावीक मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याची अट टिकू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची २ लाखांची अशी अट वैध ठरवली. स्टार्टअपने काही खर्चिक प्रशिक्षण दिले नसेल तर वाद घालायला जागा आहे, पण सही करण्याआधी वाद घालणे स्वस्त पडते. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवायला मात्र साफ नकार द्यावा, आणि तो नकार कॉलेजच्या लेटरहेडवर गेला तर मुलांना बळ येईल. नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का, तेही पाहा. कर्मचाऱ्याला ९० दिवस आणि कंपनीला १५, अशी पत्रे सर्रास फिरतात.

यासाठी नवा विभाग, नवी समिती नको. सातव्या सेमिस्टरमध्ये दोन तासांचे एक सत्र आणि हातात एक खरी ऑफर, नाव झाकलेली. सीएमआयए या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनेने उभ्या केलेल्या मॅजिकसारख्या, नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या इन्क्युबेशन केंद्रात बसणारी माणसे बोलावली तर ती दुसरी बाजूही सांगतील; स्टार्टअप चालवणाऱ्यालाही पगाराच्या आदल्या रात्री झोप नसते, हे मुलांना कळलेले बरे. नांदेड, लातूर, परभणी, बीडच्या महाविद्यालयांना हे ऑनलाइन घेता येईल. कोणी हाक दिली तर आम्ही मानधन न घेता शनिवारी वेळ देऊ.

यंदाच्या हंगामातली पहिली कंपनी येण्याआधी नियमातला बदल सूचना फलकावर लागावा, ही विनंती. त्यात फार शब्द लागणार नाहीत: 'रुजू होण्याची तारीख तीस दिवसांहून पुढे गेल्यास विद्यार्थी पुन्हा पात्र.'

आपले,
मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतून शिकलेले आणि स्टार्टअपमध्ये काम करणारे काही अभियंते